रेसवाल्या सिस्टर आणि सहा नंबरचा पेशंट

आमच्या हॉस्पिटलात त्यांना पाठीमागे सगळे ‘रेसवाल्या सिस्टर’ म्हणायचे. तोंडावर नुसतं सिस्टर. हे नाव ठेवून खिदळणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते. हाडांच्या वॉर्डाच्या त्या इनचार्ज आणि मी त्यांच्या हाताखालची स्टाफ नर्स. बेचाळीस खाटा, दोन बेसिनं, त्यातल्या एकाचा नळ कायम गळका, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली सिस्टरांच्या कमरेला.

त्यांच्या नजरेत फार थोडी माणसं बसायची. मोठे सर्जन राउंडला आले की त्यांच्यामागे दहा-बारा जणांचं लटांबर असायचं. सर विनोद करायचे, लटांबर हसायचं, आणि सिस्टर खाटेच्या पायथ्याशी फाइल घेऊन अशा उभ्या राहायच्या की जणू समोर एखादं गळकं बेसिनच बोलतंय. सर याचा सूड त्यांच्या छंदावर उगवायचे. “काय सिस्टर, या रविवारी किती पेट्रोल जाळलं?” लटांबर पुन्हा हसायचं.

घरीही वेगळं काही नव्हतं. त्यांचा नवरा विम्याच्या ऑफिसात होता. सकाळी जाताना जसा असायचा तसाच संध्याकाळी परत यायचा, मध्ये काही घडल्याची खूण चेहऱ्यावर नसायची. टीव्हीवर शर्यत लागली की तो वर्तमानपत्राआडून म्हणायचा, “गोल गोल फिरतात आणि परत तिथेच येतात. यात बघायचं काय?”

“तुम्ही रोज ऑफिसला जाता आणि परत इथेच येता,” सिस्टर म्हणाल्या होत्या. “तेसुद्धा वेगाशिवाय.”

हे त्यांनीच आम्हाला डबा खाताना सांगितलं होतं, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता.

या वेडाची सुरुवात झाली ती हॉस्पिटलच्या आळशीपणातून. त्या चोवीस वर्षांच्या असताना शहराबाहेरच्या ट्रॅकवर रुग्णवाहिकेसोबत एक नर्स पाठवायची होती. ऊन, धूळ आणि कान किटवणारा आवाज, त्यामुळे सगळ्या ज्येष्ठ सिस्टरांना त्याच दिवशी पाठदुखी उपटली. मग नव्या पोरीला पाठवलं. पहिला तासभर तिने कानांत कापूस कोंबून सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग तिच्या समोरच एक गाडी पिटमध्ये आली. पिट म्हणजे शर्यत चालू असताना गाडी क्षणभर थांबवून चाकं बदलायची जागा. चौदा-पंधरा माणसं वाकली, उठली, आणि गाडी गेलीसुद्धा. चारही चाकं नवी. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाच्या पायात आलं नाही, कुणी “अरे तो पाना कुठे ठेवला” म्हणून शोधाशोध केली नाही.

“मी त्या दिवशी गाड्यांच्या प्रेमात पडले नाही,” त्या मला एकदा म्हणाल्या. “बारा तास आपल्या कॅज्युअल्टीत काम करून आलेली बाई शिस्तीच्या प्रेमात पडणार नाही तर काय?”

कारण आमच्याकडे एखाद्याचं हृदय बंद पडलं की त्याच्या आधी आमची अक्कल बंद पडायची. नऊ जण धावायचे, सहा जण ओरडायचे, तिघं एकाच खणात हात घालायचे. सिस्टरांनी यावर दोन पानी पत्र लिहून अधीक्षकांना दिलं. प्रत्येकाची जागा ठरलेली हवी, काम ठरलेलं हवं, बोलणारा एकच हवा, रोज सराव हवा. अधीक्षकांनी ते पत्र दोन बोटांत मेलेल्या पालीसारखं धरलं.

“सिस्टर, हे हॉस्पिटल आहे. गॅरेज नाही.”

“गॅरेज असतं तर निदान पाना जागेवर सापडला असता, सर.”

पत्र कपाटात गेलं आणि सिस्टरांना सहा महिने सलग रविवारच्या ड्यूट्या लागल्या.

त्यानंतर कित्येक वर्षांनी तो आला. शर्यतींचा चॅम्पियन. सिस्टर अकरा वर्षं त्याची कात्रणं जमवत होत्या, त्यांच्या लॉकरच्या दाराला आतून त्याचा फोटो होता. पेपरात आलं की सरावात गाडी उलटून त्याचा पाय मोडला. आम्हाला खरं कळलं ते रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरकडून: स्कूटरच्या एका शोरूमचं उद्घाटन करताना, हात हलवत हलवत, मागे न बघता तो स्टेजवरून खाली पडला होता. नडगीची दोन्ही हाडं गेली. ऑपरेशन करून आत सळई घातली. स्पेशल खोल्यांचं छत गळत असल्यामुळे स्वारी आमच्या वॉर्डात, पडदे लावलेल्या सहा नंबरच्या खाटेवर आली.

सिस्टर त्या दिवशी इस्त्रीचा कडक युनिफॉर्म घालून आल्या होत्या. मी त्यांना तसं लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

“तुमची ती ओल्या ट्रॅकवरची शर्यत,” त्या म्हणाल्या, “सगळे टायर बदलायला थांबले आणि तुम्ही दोन फेऱ्या जास्त काढल्यात...”

त्याने मोबाइलवरून मान वर केली नाही. “पंखा वाढवा. आणि ही बाई सारखी फरशी काय पुसते? वास मारतो तिच्या फडक्याला. हिला इथून हाकला.”

ही बाई म्हणजे आमच्या वॉर्डाच्या मावशी. सव्वीस वर्षं त्या फरश्या पुसत, बेडपॅन उचलत होत्या. मावशींनी फडकं बादलीत टाकलं आणि निघून गेल्या. सिस्टरांनी पंखा वाढवला. त्या दुपारी लॉकरच्या दारावर नुसते चिकटपट्टीचे चार डाग उरले होते, आणि तेव्हापासून चॅम्पियनला त्या सहा नंबर म्हणायला लागल्या.

सहा नंबरने तीन आठवडे आम्हाला वात आणला. चाहत्यांना टाके दाखवायला त्याने दोनदा पट्टी सोडली, जखम चिघळली आणि मुक्काम लांबला. पाऊल वरखाली करायचा व्यायाम सांगितला तर म्हणाला, “दुखतंय ना!” ताशी तीनशेच्या वेगाला न घाबरणारा हा मर्द सुईच्या टोकाइतक्या वेदनेला गळा काढायचा. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर रोज एक बारीकसं इंजेक्शन द्यायचं असतं. आमच्याकडच्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या ते गप्पा मारता मारता घेतात. हा माणूस किंचाळला.

मोठे सर नेमके तिथेच होते. ते हल्ली दिवसातून तीनदा यायचे, कारण त्यांना रोज नवा फोटो हवा असायचा.

“राहू द्या हो सिस्टर,” ते म्हणाले. “खेळाडू माणूस आहे. रक्त कसं सळसळतंय त्याचं.”

“सळसळत नाहीये, सर. तो पाय हलवतच नाही. गुठळी होईल.”

“बंद करा म्हटलं ना! तुम्ही मला शिकवणार?”

मी तेव्हा खाटेच्या डाव्या बाजूला इंजेक्शनचा ट्रे हातात धरून उभी होते. सगळं ऐकलं. सिस्टर टेबलाशी गेल्या आणि नोंदीत लिहिलं: रुग्णाने इंजेक्शन नाकारले, सर्जनच्या तोंडी आदेशावरून बंद केले. तारीख, वेळ, सही.

सहा नंबरला भेटायला येणाऱ्या गर्दीत एकच माणूस माणसासारखा होता. विचारल्याखेरीज तोंड न उघडणारा, हातांना न जाणारा काळेपणा. तो त्याचे कपडे, चार्जर, फळं आणून द्यायचा आणि बदल्यात बोलणी खायचा. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी त्याला ओळखलं.

“तुम्ही मागचं डावं चाक ना?”

तो गोंधळला. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सतरा वर्षं तो त्या टीममध्ये मागचं डावं चाक बदलत होता, आणि हेल्मेटखालच्या त्याला आजवर एकाही प्रेक्षकाने ओळखलं नव्हतं. “वाकायच्या पद्धतीवरून ओळखलं,” सिस्टर म्हणाल्या. तेव्हापासून वॉर्डात त्याचं नावच ‘डावं चाक’ पडलं.

दुसऱ्या आठवड्यात अकरा नंबरचे मास्तर गेले. खुबा मोडलेले, निवृत्त शिक्षक. भर दुपारी बोलता बोलता त्यांची मान कलंडली. आम्ही धावलो, आणि मग तोच नेहमीचा तमाशा. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी सापडेना. घशात नळी घालायच्या अवजाराचा दिवाच लागेना. एक डॉक्टर म्हणाले शॉक द्या, दुसरे म्हणाले थांबा. मी आणि एक नर्स एकाच वेळी एकाच औषधासाठी खण ओढत होतो. मास्तरांची बायको दाराशी चहाचा थर्मास घेऊन उभी होती. ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

डावं चाक सहा नंबरच्या पडद्याशी उभा राहून सगळं बघत होता. सगळं संपल्यावर तो सिस्टरांकडे आला.

“राग मानू नका सिस्टर. पण तुमच्याकडे गाडी येऊन थांबल्यावर ठरतं का, कोण काय करणार ते?”

“वीस वर्षं मी हेच सांगतेय,” सिस्टर म्हणाल्या. “मला वाटलं होतं, मलाच वेड लागलंय.”

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत स्टोअररूममध्ये सराव सुरू झाला. पाय मोडलेलं तपासणीचं टेबल, त्यावर उशी, ती उशी म्हणजे पेशंट. आम्ही चौघी. डोक्याशी छोट्या डॉक्टर. ही नुकतीच रुजू झालेली मुलगी, लटांबरात सर्वांत शेवटी उभी राहणारी. छातीवर मी. मावशींकडे ट्रॉली आणि ऑक्सिजन, आणि दर दोन मिनिटांनी छाती दाबायला माझ्या जागी त्या. पायथ्याशी औषधं आणि घड्याळ घेऊन सिस्टर. बोलायचं फक्त त्यांनी. डाव्या चाकाने फरशीवर पट्ट्या चिकटवून प्रत्येकीची जागा आखून दिली. मी पट्टीबाहेर पाय टाकला की तो नुसता माझ्या बुटाकडे बघायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सगळ्यांत तरबेज निघाल्या मावशी. “पस्तीस किलोची गादी मी रोज एकटी उलटी करते,” त्या म्हणाल्या, “ही छाती काय चीज आहे?” इतर नर्सेस दारातून डोकावून हसायच्या. एकीने तोंडाने गाडीचा आवाजही काढला. सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी चारला भेटीची वेळ सुरू झाली. मोठे सर आपल्या भाच्याला घेऊन आले होते, सहा नंबरसोबत फोटो काढायला. सहा नंबरने केस नीट केले, गालात हसला, आणि तसाच थांबला. “श्वास...” एवढंच म्हणाला. ओठ निळे पडले. डोळे वर गेले.

“अरे, अरे! काय झालं? कुणीतरी बघा! ऑक्सिजन! ईसीजी! भूलतज्ज्ञांना बोलवा!” मोठे सर एकामागून एक ओरडत सुटले आणि नेमके मी जिथे उभं राहायला हवं तिथे उभे राहिले. भाचा तेवढ्यातही मोबाइल धरून होता.

“सर,” सिस्टर म्हणाल्या, “भिंतीपाशी.”

आवाज चढवला नाही. सर भिंतीपाशी गेले. तिथे पाठ टेकून लहान मुलासारखे उभे राहिले.

मग आम्ही वाकलो. मला आठवतं ते फक्त माझे तळहात आणि सिस्टरांचा आवाज. “बदल.” मावशी. “बदल.” मी. ट्रॉली माझ्या कोपराला लागली नाही, नळी पहिल्या खेपेला आत गेली, औषध मागायच्या आधी तयार होतं. सहा मिनिटांनी छोट्या डॉक्टर म्हणाल्या, “पायातली गुठळी फुप्फुसात गेली असणार. ती विरघळवायचं औषध देऊ या.”

भिंतीपाशी सरांना कंठ फुटला. “ऑपरेशनला तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत! रक्तस्राव होईल!”

“मेल्यावर होत नाही, सर,” छोट्या डॉक्टर म्हणाल्या. लटांबराच्या शेपटाला उभी राहणारी ती पोर.

दहाव्या मिनिटाला नाडी लागली. त्याला अतिदक्षता विभागात नेलं. मावशींनी फरशी पुसायला घेतली. पुसता पुसता त्यांनी विचारलं, “सिस्टर, असल्या माणसाला वाचवताना काहीच वाटलं नाही?”

“तो मला आवडत असता तर हात थरथरले असते,” सिस्टर म्हणाल्या. “बरं झालं, नाही आवडत ते.”

इथपर्यंत सांगायला मला अभिमान वाटतो. पुढचं सांगताना वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे सर वॉर्डात आले. एकटे, लटांबराविना. सहा नंबरचा मॅनेजर विचारत होता की गुठळी झालीच कशी. सर सिस्टरांच्या टेबलाशी वाकले. “सिस्टर, ती नोंदीतली ओळ... तोंडी आदेश वगैरे. जरा नव्याने लिहिता आलं तर बघा. आपण सगळे एकाच घरातले.”

“माझं अक्षर लागत नाही का तुम्हाला?” सिस्टर म्हणाल्या. “मोठ्याने वाचून दाखवू?”

अधीक्षकांनी चौकशी लावली. सरांनी तिथे सांगितलं की असा आदेश आपण दिलाच नव्हता, सिस्टरांनी मनाने लिहिलं. मग मला बोलावलं. अधीक्षकांच्या टेबलावर काच होती, काचेखाली त्यांच्या कुटुंबाचा फोटो होता, आणि मी त्या फोटोकडे बघत राहिले.

“तुम्ही तेव्हा खाटेजवळ होतात?”

“मी औषधांच्या खोलीत होते,” मी म्हणाले. “मला काही ऐकू आलं नाही.”

माझी कायम होण्याची फाइल त्याच महिन्यात त्यांच्याकडे होती. कुणी मला धमकावलं नाही, कुणी आमिष दाखवलं नाही. तेवढ्याचीही गरज पडली नाही, इतकी मी स्वस्त होते.

सिस्टरांना बढतीच्या नावाखाली तळघरातल्या निर्जंतुकीकरण विभागात पाठवलं. तिथे खिडकी नाही, पेशंट नाही, दिवसभर अवजारांचे डबे वाफेत घालायचे आणि काढायचे. वॉर्डाची इनचार्ज मी झाले. सहा नंबर कुबड्यांवर उभा राहून वार्ताहरांना म्हणाला, “सरांचे हात आणि माझी जिद्द, यामुळे मी आज इथे आहे.” सर शेजारी मान झुकवून उभे होते. पुढे सरांनी परिषदेत भाषण दिलं. विषय होता, त्यांच्या संकल्पनेतून साकारलेली तातडीच्या उपचारांची नवी पद्धत. पडद्यावर आमच्या स्टोअररूमच्या फरशीचा, त्या पट्ट्यांचा फोटो होता. टाळ्या पडल्या. अधीक्षकांनी ती पद्धत सगळ्या वॉर्डांना लागू केली. आता माणसं वाचतात आमच्याकडे, हे मात्र नाकारता येणार नाही. त्यामुळेच सगळ्या गोष्टीचा जास्त संताप येतो.

डाव्या चाकाने सिस्टरांना पुढच्या हंगामात पिटच्या अगदी समोरच्या स्टँडची दोन तिकिटं पाठवली. नवऱ्याने अर्थातच येणार नाही म्हणून सांगितलं. मावशींच्या मुलीच्या घरी बाळंतपण होतं. कसं कोण जाणे, सिस्टरांनी तळघरातून मला फोन केला. “रविवारी मोकळी आहेस? तिकीट वाया जाईल.”

मी गेले. सिमेंटच्या तापलेल्या पायऱ्या, रबर जळाल्याचा वास, कानात भोकं पाडणारा आवाज. सहा नंबरचं नाव गाडीवर नव्हतं, तो आता इंजिन ऑइलच्या जाहिरातीत डबा हातात धरून हसतो. सिस्टर एकाही ड्रायव्हरकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर पिटवर. शर्यत सुरू व्हायच्या आधी जरा शांत झालं तेव्हा मी म्हणाले, “सिस्टर, त्या दिवशी अधीक्षकांसमोर मी...”

“तुझी जागा ट्रेजवळ होती,” त्या म्हणाल्या. “तू जागा सोडलीस. बस्.”

एवढंच. त्यात राग असता तर मी रडले असते, माफी मागितली असती. पण सरांकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत जे असायचं तेच माझ्या वाट्याला आलं होतं, गळक्या बेसिनाकडे बघावं तसं. मग इंजिनं सुरू झाली आणि बोलणं शक्यच राहिलं नाही.

सतराव्या फेरीला आमच्या समोरची गाडी पिटमध्ये आली. मागच्या डाव्या चाकाचा नट अडकला. फार नाही, डोळ्याची दोनदा उघडझाप होईल एवढा वेळ. सिस्टर उभ्या राहिल्या, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि त्या माणसाला अशी काही शिवी हाणली की पुढच्या रांगेतलं अख्खं कुटुंब मागे वळलं. पलीकडे त्या गोंगाटात, हेल्मेटमध्ये, त्याला ती ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण गाडी सुटल्यावर त्याने आमच्या स्टँडकडे तोंड करून हेल्मेटवरूनच दोन्ही कान पकडले. सिस्टर हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्याने हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

परतीची बस रिकामीच होती. त्या खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या जागेवर त्यांनी आपली पर्स ठेवली. मी मागच्या बाकावर बसले.